बहात्तर नंबरच्या चुका

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवालीच्या काट्याखाली मी वाकून बघते, गॅसवाला गेला की सिलिंडर हलवून बघते, आणि नळाला पाणी यायच्या दिवशी खालच्या मजल्यावरच्यांनी आपल्या आधी मोटार लावली की काय, म्हणून जिन्यात कान देऊन उभी राहते. आमचे हे अजून सगळ्यांना सांगत असतात की लग्नात सप्तपदी चालताना ही पावलं मोजत होती. मोजतच होते. भटजी घाईत होते, सहाव्यावरच आटपत होते, मी थांबवलं. कुणीतरी मोजायला नको का?

हा स्वभाव घरात शिवी आणि ऑफिसात गुण. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी बरीच वर्षं रिपोर्ट काढते. कुठल्या मागावर किती टॉवेल विणले, कुठल्या बाईनं किती तपासले, कुठल्या पेटीत काय भरलं, हे सगळं दिवसभर कुणी ना कुणी कॉम्प्युटरात भरत असतं. आत त्याचे तक्ते तयार होतात, आणि त्या तक्त्यांना प्रश्न विचारायचं काम माझं. त्यासाठी एसक्यूएल नावाची भाषा आहे. ती मी तरुणपणी शहरातल्या एका क्लासात शिकले. क्लासातल्या बाकीच्या मुली ती रडत शिकल्या, मला मात्र पहिल्या आठवड्यातच आवडली. थोडकं बोलते आणि विचारलं तेवढंच सांगते. तुम्ही चुकीचं विचारलंत तर चुकीचंच सांगते, आणि तेसुद्धा अगदी ठासून.

माझी खोली चेकिंग हॉलच्या वर आहे. काचेतून खाली बघितलं की ट्यूबलाइटखाली लांबच लांब टेबलं दिसतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका. समोर टॉवेलांचा ढीग. एक टॉवेल ओढायचा, पसरायचा, वरची बाजू बघायची, उलटवून खालची बघायची. तेलाचा डाग, सुटलेला धागा, गाठ असं काही दिसलं की डावीकडं टाकायचा, नाही तर आपल्या नंबरची चिकटपट्टी लावून उजवीकडं. कामगारांचे नंबर आमच्याकडं नावासारखेच चालतात. "एकोणीस आल्या का?" असंच विचारतात.

पेट्या भरल्यावर त्यातल्या काही पुन्हा उघडून फेरतपासणी होते. तिथं खराब टॉवेल सापडला की त्यावरचा नंबर बघून त्या बाईच्या खात्यावर एक चूक टाकतात. महिनाअखेरीला मी या चुकांची यादी काढते आणि ती हॉलच्या दाराशी फळ्यावर लागते.

तर त्या यादीत बहात्तर नंबर लागोपाठ तिसऱ्या महिन्यात सगळ्यांत वर आला.

बहात्तर नंबर म्हणजे चाळिशीच्या आसपासची एक बाई. शहरातल्या पूर्वेकडच्या विणकर वस्तीतली, घरात तेलुगू बोलणारी, मराठी आपल्यासारखंच फाडफाड. नवरा आमच्याकडंच मागावर. काळीसावळी, ताठ मानेची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. टेबलावर तिचा हात इतका सफाईनं चालायचा की नव्या बायकांना मुद्दाम तिच्या शेजारी बसवायचे.

आमच्या साहेबांनी यादी बघितली आणि मला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण कागदावर जे छापलं ते त्यांच्यासाठी ब्रह्मवाक्य. म्हणाले, अजून एक महिना बघू. पुढच्या यादीतही बाई वर असल्या तर टेबलावरून उठवून धागे कापायला बसवू.

धागे कापणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. टॉवेलच्या कडेला लोंबणारे धागे कात्रीनं छाटायचे, बस्स. आज आलेली बाई आजच करू शकते. तिथं चिकटपट्टी नाही, मालावर नंबर नाही. वीस वर्षं चेकिंगला बसलेल्या बाईला तिथं पाठवायचं म्हणजे सगळ्यांदेखत कानाला धरून मागं बसवण्यासारखंच. साहेबांनी तिला बोलावून हे स्पष्ट सांगितलं, तेव्हा मी तिथंच उभी होते. ती माझ्या हातातल्या कागदाकडं बघत राहिली.

मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मला संशय आला.

इतकी वर्षं जिचं नाव यादीच्या खालच्या टोकाला, ती एकदम तीन महिन्यांपूर्वी वर येते. मग तीन महिन्यांपूर्वी काय झालं? मी चौकशी केली. तिच्या नवऱ्याला त्याच सुमारास जुन्या मागावरून नव्या मागांवर घातलं होतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नव्या मागावर हात बसलेला नाही, टॉवेल खराब निघतायत, आणि बायको हळूच नवऱ्याचे टॉवेल उजवीकडं सरकवतेय. नवऱ्यासाठी बाई काय करणार नाही? मी घरी जेवताना ह्यांना हे सांगितलं, तर भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तू करशील का माझ्यासाठी असं?" मी म्हटलं, मी तर पहिला तुमचाच टॉवेल डावीकडं टाकीन. "मग तिच्याबद्दल कशाला तसं समजतेस?" असं म्हणून त्यांनी शेंगाची चटणी पुढं ओढली. त्यांना काय कळतंय, म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पाळतच ठेवली. काम करता करता काचेतून खाली बघायचं. ती कुठला ढीग ओढते, कुणाशी बोलते, चहाच्या सुट्टीत नवरा भेटतो का. एकदा तो हॉलच्या दाराशी येऊन तिच्या हातात काहीतरी देऊन गेला. मी जिना उतरून खाली गेले. डबा होता, ती सकाळी घरी विसरलेली. मी उगाचच पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत आले.

मग म्हटलं, डोळ्यांनी कशाला, तक्त्यालाच विचारू. बहात्तर नंबरच्या चुका काढल्या आणि प्रत्येक टॉवेल कुठल्या मागाचा तेही शेजारी मागवलं. नवऱ्याच्या मागाचे त्यात ढीगभर असणार याची मला खात्री होती. निघाले अगदी नावाला. बाकीचे सगळ्या मागांवरचे, मुठीनं फेकल्यासारखे इकडंतिकडं. माझा संशय उघडाच पडला, पण मी काही तो सोडला नाही. संशय असाच असतो, एक खुंटी तुटली की दुसरीला लटकतो. म्हटलं, नवरा नसेल तर आळस असेल. किंवा वय.

त्याच आठवड्यात ती कँटीनमध्ये माझ्या समोर येऊन बसली. एरवी कामगार बायका ऑफिसच्या टेबलाकडं येत नाहीत. सरळच म्हणाली, "मॅडम, मी एवढे सोडलेच न्हाईत की. एखाद-दुसरा सुटतो, माणूस हाय. पन एवढे न्हाई."

मी म्हटलं, "बाई, कागदावर आहे ते आहे. मी काही मनानं लिहीत नाही."

"कागद कोन काढतं?"

"कॉम्प्युटर."

तिनं मान हलवली आणि चहा न पिताच उठून गेली. मी मनात म्हटलं, सगळेच असं म्हणतात. जिला चूक दाखवली तिनं आजवर कधी म्हटलंय का, की हो, माझीच? नाचता येईना, अंगण वाकडं.

नंतर तिनं दोनदा अर्धी रजा घेतली. मी त्यावरही नजर ठेवून होते. दुसऱ्या कारखान्यात काम बघायला जात असेल अशी माझी अटकळ. चार दिवसांनी ती नवा चष्मा लावून आली. काळ्या दोरीला बांधलेला, नाकावर न बसणारा. शेजारच्या बायकांना सांगत होती की डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, नजर चांगली आहे, लांबचं-जवळचं सगळं ठीक, हवा तर वाचायला साधा घ्या. तरी तिनं घेतलाच. मला ते ऐकूनसुद्धा काही वाटलं नाही. आता वाटतं, आणि असं वाटतं की तेव्हाच्या मला जाऊन दोन ठेवून द्याव्यात.

उलगडा झाला तो भलत्याच वेळी. महिना संपायला आठवडा होता. साहेबांना दिवसवार यादी हवी होती, म्हणजे कुठल्या तारखेला कुणाच्या किती चुका. मी ती काढली आणि बहात्तरची ओळ वाचत गेले. दोन. चार. शून्य. दोन. सहा. शून्य. चार. दोन.

मी पुन्हा वाचलं. मग मागचे तीन महिने काढून वाचले. एकही विषम आकडा नाही. इतक्या महिन्यांत एकदासुद्धा एक नाही, तीन नाही, पाच नाही.

अगं बाई! माणूस जोडीजोडीनं चुका कसा करेल?

माझ्या अंगावर काटा आला. हा काटा मला ओळखीचा आहे. भटजी सहाव्या पावलावर आटपायला लागले तेव्हाही आला होता. मी लगेच चुकांचा मूळ तक्ता उघडला, कुठल्याही जोडाजोडीशिवाय, जसा फेरतपासणीवाले भरतात तसा. त्यात बहात्तरच्या चुका रिपोर्टच्या बरोबर निम्म्या होत्या. शेजारच्या चार-पाच नंबरांच्या बघितल्या, त्या जशाच्या तशा.

मग कामगारांचा तक्ता उघडला आणि बहात्तर नंबर शोधला. दोन ओळी आल्या. दोन बायका, आडनाव एक, नंबर एक. एकीचं वय चाळीसच्या आसपास, दुसरीचं सत्तरीच्या पुढं.

आता मला वाटावं ना, की चूक माझ्याकडं आहे? छे! मला वाटलं, घोटाळा आहे. कागदावर एक भुताची कामगार ठेवलीय, आणि ह्यात ही बाई सामील. मी तो कागद छापून घेतला, पुन्हा जिना उतरले आणि तिला हॉलच्या कोपऱ्यात बोलावून तो समोर धरला. म्हटलं, ही दुसरी कोण?

तिनं चष्मा वर केला, वाचलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "आमच्या अत्तम्मा हायत की. सासूबाई. त्या पन हितंच होत्या, याच टेबलाला."

मग तिनं जे सांगितलं ते मला इतकी वर्षं या कारखान्यात राहून माहीत नव्हतं. पूर्वी नंबर पितळेच्या बिल्ल्यावर कोरलेला असे. सासू निवृत्त झाली आणि सून कामाला लागली की सासू तो बिल्ला सुनेच्या ओटीत घालायची, हळदीकुंकू लावून, खण-नारळाबरोबर. नंबर घराचा म्हणून राहायचा. जुन्या मालकांनीही तो बदलला नाही, कारण नंबर मिळाला की सुनेचा हात चांगला असणार असं धरून चालायचे. आता बिल्ले गेले, कार्ड आली, नवीन बायकांना नवीन नंबर मिळतात. अशा ओटीतल्या नंबरांच्या तीन-चारच बायका उरल्या. तिच्या सासूनं बिल्ला देताना तिला एवढंच सांगितलं होतं, की या नंबरावर आजपर्यंत बोट उठलेलं नाही.

हे सांगताना तिचा आवाज बदलला. म्हणाली, यादी फळ्यावर लागली तेव्हापासून घरी सासूला सांगितलेलंच नाही. सासू रोज विचारते, हॉलमध्ये काय चाललंय, आणि ही काहीतरी दुसरंच सांगते.

मी जिना चढून वर आले, खुर्चीत बसले, आणि माझीच क्वेरी, म्हणजे तक्त्यांना विचारायचा मी लिहिलेला प्रश्न, उघडली.

ती यादीत पहिल्यांदा वर आली त्या महिन्यात काय बदललं होतं? तिच्या नवऱ्याचा माग बदलला होता, ते खरंच. पण त्याच महिन्यात साहेबांनी मला म्हटलं होतं की चुकांची यादी विभागवार करा, चेकिंग वेगळं, शिलाई वेगळी. विभाग लिहिलेला असतो कामगारांच्या तक्त्यात. म्हणून मी चुकांचा तक्ता कामगारांच्या तक्त्याला नंबरवरून जोडला. एका नंबराला एकच माणूस, असं धरून. ते मी कधी तपासलं नाही. आणि बहात्तरला दोन माणसं सापडल्यावर कॉम्प्युटरनं इमानदारीत प्रत्येक चूक एकदा सुनेला आणि एकदा सासूला लावली, आणि दोघींचा विभाग एकच म्हणून बेरीज एकाच ओळीत दाखवली. लग्नाच्या यादीत एका पाहुण्याचे दोन पत्ते असले की त्याच्या नावानं दोन पत्रिका जातात ना, तसं. बाकीच्या ओटीवाल्या बायकांचंही दुप्पट झालं होतं, पण मुळातच एक-दोन, त्याचे दोन-चार झाले, कुणाच्या डोळ्यांवर आले नाहीत.

क्लासात दुसऱ्याच महिन्यात शिकवतात हे. तक्ते जोडण्याआधी बघा, जोडाच्या जागी एकाला एक आहे की एकाला अनेक. नव्या मुलं-मुलींना मी स्वतः हे शिकवते. आणि सासूच्या ओळीत 'निवृत्त' असं ढळढळीत लिहिलेलं होतं. 'फक्त कामावर असलेले' एवढी एक अट घातली असती तर काहीच झालं नसतं. एक ओळ. जगावर संशय घेतला मी, तिच्या नवऱ्यावर, तिच्या डब्यावर, तिच्या रजेवर. एका गोष्टीवर मात्र तीन महिन्यांत एकदाही घेतला नाही, ती म्हणजे मी लिहिलेली क्वेरी.

मला लाज वाटली. भयंकर लाज वाटली.

अट घातली, रिपोर्ट पुन्हा काढला. बहात्तर नंबर यादीच्या मध्याच्याही खाली गेला. साहेबांकडं गेले आणि सांगितलं की रिपोर्टमध्ये दुप्पट मोजलं जात होतं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले, हुश्श केलं आणि म्हणाले, बरं झालं, चांगली बाई वाचली. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. फळ्यावरचा जुना कागद काढून नवा लावला गेला. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

मी तिला मात्र गाठलं. बस सुटायच्या आधी, दाराशी. आणि इथं मी जे केलं ते लिहायला हात जड होतोय. मी तिला म्हटलं, "बाई, तुमच्या चुका नव्हत्या. कॉम्प्युटरची गडबड झाली होती. आता नीट केलंय."

कॉम्प्युटरची! तोंडातून 'माझी' हा शब्द निघेना. ती "बरं झालं" म्हणाली आणि बसमध्ये चढली. मला वाटलं, हिला आनंद कसा नाही झाला? तिच्या चेहऱ्यावर होतं ते मी तेव्हा थकवा समजले.

पुढच्या महिन्यात तपासलेल्या टॉवेलांचा रिपोर्ट काढला. कुणी दिवसाला किती पीस तपासले, त्याचा. सगळ्यांत खाली बहात्तर नंबर. पूर्वीच्या जवळजवळ निम्मे.

या खेपेला मी शहाणी झाले होते. पहिला संशय स्वतःवर. क्वेरी उलगडून बघितली. कुठं ओळी गळत नाहीत ना, कुठली पाळी सुटली नाही ना, 'निवृत्त'ची अट चुकून तिच्याच ओळीला लागत नाही ना. हातानं चार दिवसांच्या चिकटपट्ट्यांच्या नोंदी मोजल्या. तीनदा तपासलं. आकडा बरोबर होता.

साहेबांपर्यंत तो कागद जाणारच होता. कमी पीस काढणाऱ्या बाईला टेबलावर ठेवत नाहीत, हा नियम चुकांच्या यादीपेक्षा जुना. म्हणजे धागे कापायची कात्री पुन्हा तिच्याच दिशेनं निघाली होती, आणि आता तिला अडवायला माझ्याकडं कुठलीच चुकलेली क्वेरी नव्हती.

मी खाली गेले आणि तिच्या टेबलाशी उभी राहिले. तिनं टॉवेल ओढला. वरची बाजू बघितली, खालची बघितली. चिकटपट्टी लावायला हात गेला, थांबला. टॉवेल पुन्हा पसरला. पुन्हा वर, पुन्हा खाली, बोटांनी कडा चाचपत. मग चिकटपट्टी. पुढचा टॉवेल, तसंच. प्रत्येक टॉवेल दोनदा.

मी म्हटलं, "बाई, दोनदा का बघताय?"

ती वर न बघता म्हणाली, "एकदा बघून सोडलं तर तुमच्या कागदावर येतं."

"अहो, ते सगळं चुकीचं होतं. सांगितलं की मी तुम्हाला."

"व्हय, सांगितलं. कॉम्प्युटरची गडबड." तिनं पुढचा टॉवेल ओढला. "तो परत गडबड करील. त्याला काय."

मग मात्र मला राहवलं नाही. आजूबाजूला दहा-बारा बायका होत्या, हात चालवत, कान इकडं. मी मोठ्यानं म्हटलं, "कॉम्प्युटर नव्हता चुकला. मी चुकले. क्वेरी माझी होती. तुमच्या सासूबाईंची निवृत्तीची ओळ मी गाळलीच नाही, म्हणून तुमची एक चूक दोनदा मोजली. तीन महिने. आणि वर तुमच्यावरच पाळत ठेवली."

हॉलमधले हात थांबले. तिनं चष्मा काढला, दोरीवर सोडला, आणि माझ्याकडं बघितलं. रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"हे दाराशी सांगितलं असतंत मॅडम, तर मी त्याच रात्री झोपले असते," ती म्हणाली. "मी इतके दिवस समजत होते, की माजंच कायतरी सुटतंय आणि मला दिसत न्हाई. कॉम्प्युटर कसा चुकेल? तुमीच म्हनाला होता, कागदावर आहे ते आहे."

मी माफी मागितली. तिनं मान हलवली. मी म्हटलं, आता एकदाच बघा, मी इथं उभी आहे, काही येणार नाही तुमच्या नावावर. तिनं खरंच प्रयत्न केला. एक टॉवेल घेतला, दोन्ही बाजू बघितल्या, चिकटपट्टी लावली, उजवीकडं ठेवला. पण हात त्यावरून उचलेना. पाच-सहा क्षण तसाच राहिला, आणि मग तिनं तो टॉवेल परत ओढला. शेजारची बाई तेलुगूत काहीतरी हळू बोलली. हिनं टॉवेल पुन्हा पसरला.

मी तडक साहेबांकडं गेले. सगळं सांगितलं, काही न लपवता. म्हटलं, पीस कमी पडतायत ते माझ्यामुळं, तिला दोन-तीन महिने द्या, हात सैल होईल. माझा आवाज चढला असावा, कारण साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. आणि त्यांनी मान्य केलं. म्हणाले, घ्या तीन महिने, चांगली बाई आहे, मलाही घालवायची नाही. मी इतकी हलकी झाले की घरी जाताना ह्यांच्यासाठी बाजारातून कडक भाकरी घेतली, न मोजता.

तीन महिने लागलेच नाहीत. दुसऱ्या सोमवारी तिचा अर्ज माझ्या टेबलावर आला. कामगारांच्या बदल्या कॉम्प्युटरात मीच भरते, म्हणून. वहीच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, बहुतेक तिच्या मुलीच्या. मला चेकिंगवरून काढून धागे कापण्यावर घ्यावे ही विनंती. आणि खाली एकच ओळ, की माझा नजरेवर भरवसा राहिला नाही.

मी धावत खाली गेले. ती टेबलावर नव्हती. हॉलच्या त्या टोकाला, धागे कापणाऱ्या बायकांच्या रांगेत बसली होती, हातात कात्री. मी जवळ गेले तर जागा करून दिली. चष्मा काढून ठेवला होता. चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसत होता, तो बघून मला रडू यायला लागलं.

"अहो, साहेबांनी तीन महिने दिले होते," मी म्हटलं.

"कळालं मला. लई उपकार." तिनं एक धागा छाटला. "हितं बरं हाय मॅडम. हितं बघावं लागत न्हाई. धागा हाताला लागतो."

"आणि सासूबाई?"

"त्यांना सांगितलं, नंबर परत दिला म्हनून."

मी वर आले. बदलीची नोंद करायचा पडदा उघडला. नंबर बहात्तर, जुना विभाग चेकिंग, नवा विभाग धागे कापणे. मग कारण. तिथं आपल्या मनानं काही लिहिता येत नाही, यादीतूनच निवडावं लागतं. ती यादीही मीच कधीतरी बनवलेली. तब्येत, शिस्तभंग, कामात चुका, स्वतःच्या इच्छेनं, इतर.

मी बराच वेळ बाण वरखाली फिरवत राहिले. मग 'स्वतःच्या इच्छेनं' निवडलं आणि जतन केलं. नोंद बिनतक्रार झाली. उद्या कुणी विचारलं की चेकिंगमधून बायका का जातात, तर माझी क्वेरी हेच उत्तर देईल, आणि ती क्वेरी कितीही वेळा तपासली तरी तिच्यात काही चूक सापडणार नाही.